जलाशयातील होडीवर मासेशोधक यंत्र : बसविणे व वापरणे

वऱ्हाडात धरणाच्या पाण्याचा विचार बहुधा पिकाच्या संबंधात होतो. हरभऱ्याला किती पाळ्या मिळतील, संत्र्याचा बहार निभावेल काय, शहराला पिण्याचे पाणी पुरेल काय, एवढ्या चर्चेने धरणाची गोष्ट संपते. परंतु याच पाण्यावर मासेमारी करून उदरनिर्वाह करणारी भोई व इतर समाजांतील कुटुंबेही आपल्याच गावांतून राहतात. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातील सिंभोरा येथे उर्ध्व वर्धा, अकोला जिल्ह्यात बार्शीटाकळी तालुक्यातील महान येथे काटेपूर्णा व तेल्हारा तालुक्यातील वारी येथे वाण, असे मोठे जलाशय या भागात आहेत. त्यांचा उपयुक्त साठा अनुक्रमे सुमारे ५६४, ८६ व ८२ दशलक्ष घनमीटर आहे.

या पाण्याखाली काय आहे, हे मात्र वरून दिसत नाही. धरण बांधण्यापूर्वी तेथे शेते होती, नाले होते, विहिरी होत्या, बाभळी व निंबाची झाडे होती, घरांच्या भिंती होत्या. पाणी चढले तेव्हा त्यांतील बरेच काही जागच्या जागी राहिले. त्यात अडकून जाळे फाटते व कित्येकदा सबंध जाळेच खाली राहते. जाळे गेले म्हणजे हंगामाचे भांडवल गेले. शिवाय नायलॉनचे जाळे कुजत नसल्यामुळे ते तळाशी पडून वर्षानुवर्षे मासे अडकवीत व मारीत राहते. यात धन्याचे नुकसान होते आणि जलाशयाचेही.

समुद्रावर वापरले जाणारे मासेशोधक यंत्र, ज्यास बाजारात ‘फिशफाइंडर’ म्हणतात, आता लहान होडीस परवडेल अशा आकारात मिळते. ते विकत घेणारा मनुष्य बहुधा अधिक मासे मिळतील या आशेने घेतो. वऱ्हाडातील जलाशयांत मात्र या यंत्राचा पहिला व मोठा उपयोग तळ समजून घेण्याचा आहे. मासे दाखविणे हे त्याचे दुसरे काम होय. हे ध्यानात ठेवून यंत्र वापरले, तर ते जाळे वाचविते. हे विसरले, तर ते कपाटात पडून राहते किंवा जलाशय रिकामा करण्यास मदत करते.

यंत्र कसे चालते

विहिरीत वाकून हाक मारली असता ती परत ऐकू येते. खोल विहिरीत ती थोड्या उशिरा येते. रात्री उडणारे किडेखाऊ वटवाघूळ याच प्रतिध्वनीच्या साहाय्याने अंधारात आपला मार्ग व भक्ष्य ओळखते. मासेशोधक यंत्राचे तत्त्व हेच आहे.

पाण्यात ध्वनी हवेपेक्षा पुष्कळ वेगाने जातो. सन १८२६ मध्ये कोलाडों व स्टुर्म या शास्त्रज्ञांनी जिनिव्हाच्या सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून हा वेग मोजला. तेथील थंड पाण्यात तो सेकंदाला सुमारे १,४३५ मीटर भरला. हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. पाणी जसे उबदार तसा हा वेग वाढतो. आपल्याकडील पाण्यात तो स्थूलमानाने १,५०० मीटर धरण्यास हरकत नाही. सन १९१२ मध्ये टायटॅनिक हे जहाज हिमनगावर आदळून बुडाल्यानंतर, आणि पुढे पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा उपद्रव वाढल्यानंतर, पाण्यातील प्रतिध्वनीचा उपयोग करण्याच्या प्रयत्नांना जोर आला. मासे शोधण्यासाठी व्यवहारात चालेल असे यंत्र जपानमधील फुरुनो बंधूंनी सन १९४८ मध्ये तयार केले.

यंत्राचे मुख्य भाग दोन. एक पडदा असलेली पेटी, व दुसरा पाण्यात बुडवावयाचा ट्रान्सड्यूसर. या दुसऱ्या भागास पुढे ‘शोधक’ असे म्हटले आहे. शोधक मनुष्याच्या कानास ऐकू न येणाऱ्या ध्वनीचे ठोके खाली सोडतो व परतणारा प्रतिध्वनी टिपतो. ठोका जाऊन परत येण्यास लागलेल्या वेळावरून यंत्र खोली काढते. तळ शोधकापासून १० मीटर खोल असेल, तर ध्वनीस जाऊन येऊन २० मीटर अंतर तोडावे लागते व त्यास सेकंदाचा सुमारे ७५ वा भाग लागतो.

माशाचे मांस बऱ्याच अंशी पाण्यासारखेच घन असल्यामुळे त्यावरून प्रतिध्वनी मंद येतो. परंतु रोहू, कटला, मृगळ यांसारख्या माशांच्या पोटात हवेची पिशवी असते. तिच्यावर ध्वनी आपटून जोराने परततो, आणि त्यावरूनच मासा मुख्यत्वेकरून ओळखला जातो.

कोठे उपयोगी, कोठे निरुपयोगी

शोधकातून निघणारा ध्वनी उलट्या धरलेल्या चाडीसारखा खाली पसरत जातो. शोधकाशी तो अरुंद व तळाशी रुंद असतो. सर्वसाधारण २०० किलोहर्ट्झच्या यंत्रात या पसाऱ्याचा कोन सुमारे २० अंशांचा असतो. अशा वेळी तळाशी दिसणाऱ्या वर्तुळाची रुंदी खोलीच्या सुमारे एकतृतीयांश भरते. म्हणजे ३ मीटर पाण्यात फक्त १ मीटर, ९ मीटर पाण्यात ३ मीटर आणि १५ मीटर पाण्यात ५ मीटर. काही यंत्रांत ६० अंशांपर्यंतचा रुंद कोनही मिळतो. त्यात खोलीपेक्षा किंचित अधिक रुंदी दिसते, पण चित्र कमी स्पष्ट असते.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. पहिली, होडीच्या बाजूला चार-पाच हातांवर असलेला मासा साध्या यंत्रास दिसत नाही. दुसरी, उथळ पाण्यात हे यंत्र जवळजवळ निरुपयोगी आहे. शेततळे, गावतळे, किंवा ३ मीटरपेक्षा कमी खोल पाणी यांसाठी ते घेऊ नये. तेथे खुणा केलेला बांबू तेच काम फुकट करतो. तसेच काठच्या गवतात राहणारा मरळ यंत्रावर शोधू नये. गवत व मासा यांतील भेद पडद्यावर कळत नाही.

मोठ्या जलाशयात, जेथे जुने नदीपात्र, नाले व बुडालेले बांध आहेत, तेथेच यंत्राचे मोल आहे.

निवड करताना

यंत्र एकेका मच्छीमाराने न घेता सहकारी संस्थेने एकच घ्यावे व सभासदांनी पाळीपाळीने वापरावे, हे अधिक योग्य. तळ एकदा नीट मोजून ठेवला, म्हणजे रोज यंत्राची गरज राहत नाही. घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. पडदा भर उन्हात वाचता आला पाहिजे. दुकानाच्या सावलीत न पाहता बाहेर उन्हात आणून पाहावा.
२. खोली मीटरमध्ये दाखविण्याची सोय असावी. सर्वांनी एकच माप वापरावे. एकाने फूट व दुसऱ्याने मीटर वापरल्यास वहीत घोटाळा होतो. १ मीटर म्हणजे सुमारे ३.२८ फूट.
३. स्थान नोंदविण्याची म्हणजे जीपीएसची सोय असल्यास उत्तम. नसल्यास काठावरील खुणांवरून काम भागते, ते पुढे सांगितले आहे.
४. फार मोठ्या शक्तीचे, समुद्रासाठी केलेले यंत्र घेऊ नये. शेकडो मीटर खोली मोजण्याचे आपणास कारण नाही.

होडीवर बसविणे

कारखान्यातून येणारी रीत बहुधा होडीच्या मागील सपाट फळीवर शोधक स्क्रूने बसविण्याची असते. आपल्याकडील कित्येक होड्यांना अशी फळी नसते, आणि एक यंत्र अनेक होड्यांवर न्यावयाचे असते. होडीच्या बुडास भोक पाडून शोधक बसविण्याचा विचार तर करूच नये. म्हणून दांड्यावर बसविण्याची रीत सर्वांत सोयीची.

सुमारे दीड मीटर लांबीचा, एक इंची लोखंडी जस्ती पाइप किंवा चांगला वाळलेला भरीव बांबू घ्यावा. त्याच्या खालच्या टोकास यंत्राबरोबर आलेली पट्टी न गंजणाऱ्या स्क्रूने बसवून तिच्यावर शोधक बसवावा. दांडा होडीच्या बाजूस, मध्यापासून थोडा मागे, दोन ठिकाणी आवळावा. आवळण्याचे नट हाताने फिरविता येतील असे असावेत. थर्मोकोलच्या तराफ्यावर प्रथम आडवी फळी घट्ट बांधून तिच्यावर दांडा लावावा. बसविताना पुढील काळजी घ्यावी.

शोधक पाण्याखाली १५ ते २० सेंटिमीटर बुडालेला असावा. तो वर राहिला तर लाटेबरोबर उघडा पडतो व चित्र तुटते.

शोधकाचे तोंड सरळ खाली असावे. माणसे होडीत बसल्यावर होडी कलते, म्हणून ही तपासणी रिकाम्या होडीत न करता माणसे व जाळे भरल्यावर करावी.

वल्ही ज्या बाजूने जोराने मारली जातात त्या बाजूस शोधक नसावा. वल्ह्याने पाण्यात बुडबुडे होतात, व बुडबुड्यातील हवा ध्वनी अडविते. यंत्राची होडी असेल तर शोधक पंख्यापासून निदान ४० सेंटिमीटर दूर असावा.

दांड्याचा वरचा फास घट्ट व खालचा फास किंचित सैल ठेवावा. बुडालेल्या खुंटास शोधक आदळल्यास दांडा मागे वळतो व मोडत नाही. दांड्यास एक वेगळी दोरी बांधून ती होडीस अडकवावी, म्हणजे नट सुटले तरी शोधक पाण्यात जाणार नाही.

फायबरच्या होडीत शोधक आतून तळाशी चिकटवूनही काम करता येते. परंतु त्या जागी फायबर एकसंध असला पाहिजे. आत लाकूड, फेस किंवा हवेची पोकळी असल्यास ध्वनी पार होत नाही.

विजेची सोय

बहुतेक लहान यंत्रे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. फवारणीच्या पंपात जी बंद बॅटरी असते, त्याच जातीची बॅटरी येथे चालते, व ती शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. बॅटरी किती वेळ पुरेल, याचा हिशेब आधी करावा. समजा, यंत्रास ०.६ अँपिअर वीज लागते व बॅटरी ७ अँपिअर-तासांची आहे. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरू दिल्यास ती लवकर खराब होते, म्हणून ३.५ अँपिअर-तासच वापरावयाचे असे धरावे. ३.५ भागिले ०.६ म्हणजे सुमारे पावणेसहा तास. एवढा वेळ एका फेरीस पुरेसा आहे.

तांबडी तार धन टोकास व काळी ऋण टोकास जोडावी. धन तारेवर बॅटरीजवळच, पत्रकात सांगितलेल्या मापाचा फ्यूज अवश्य बसवावा. फ्यूजच्या जागी साधी तार गुंडाळू नये. बॅटरी झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ठेवून डबा होडीस बांधावा. शोधकाची केबल लांब वाटली तरी कापू नये. ती सैल वेटोळे करून ठेवावी व मोटारीच्या तारांपासून दूर न्यावी.

पहिली चाचणी : दोरी आणि वजन

नव्या यंत्रावर लगेच विश्वास ठेवू नये. एका दोरीस प्रत्येक मीटरवर गाठ मारून टोकास किलोभर वजन बांधावे. वारा नसलेल्या सकाळी होडी उभी करून दोरी सोडावी व यंत्राचा आकडा पाहावा. ३, ६ व ९ मीटर अशा निरनिराळ्या ठिकाणी ही तुलना करावी.

यंत्र शोधकाच्या तोंडापासून खोली मोजते. शोधक २० सेंटिमीटर बुडालेला असेल, तर यंत्राच्या ५.८ मीटर या आकड्याचा अर्थ पाण्याच्या पृष्ठभागापासून ६ मीटर असा होतो. पुष्कळ यंत्रांत ही भर आपोआप घालण्याची सोय असते. ती एकदा लावून ठेवावी. दोरी व यंत्र यांत याहून अधिक फरक पडत असेल, तर शोधक तिरका आहे काय ते प्रथम पाहावे. खाली गाळ फार मऊ असल्यास वजन त्यात रुतते व दोरी अधिक खोली दाखविते, हेही लक्षात घ्यावे.

पडद्यावरील चित्र कसे वाचावे

या ठिकाणी नवशिक्याची सर्वांत मोठी चूक होते. पडद्यावरील चित्र म्हणजे पाण्याखालचे छायाचित्र नव्हे. चित्राची उजवीकडील कड तेवढी ‘आत्ता’ची असते. डावीकडे दिसते ते होडी मागे टाकून आलेली किंवा आधीच्या क्षणाची गोष्ट असते. होडी उभी असली तरी चित्र सरकतच राहते. म्हणून उभ्या होडीखाली स्थिर असलेला एकच मासा पडद्यावर लांब रेघ काढतो. ती रेघ पाहून माशांचा मोठा थवा आला असे समजू नये.

होडी संथ चालत असता मासा बहुधा कमानीच्या आकारात दिसतो. ध्वनीच्या चाडीच्या कडेस तो शिरतो तेव्हा शोधकापासून दूर असतो, मध्यावर जवळ येतो व पुन्हा दूर जातो. त्यामुळे कमान होते. अर्धी कमान म्हणजे अर्धा मासा नव्हे. तो चाडीच्या एका बाजूने निघून गेला, एवढाच तिचा अर्थ.

कित्येक यंत्रांत माशाचे लहान चित्र दाखविण्याची सोय असते. ती बंद ठेवावी. फांदी, बुडबुडा, कुजणाऱ्या गाळातून वर येणारा वायू यांनाही यंत्र मासाच समजते. कच्चा प्रतिध्वनी पाहण्याची सवय केल्यास आठ-दहा फेऱ्यांत डोळा तयार होतो.

तळाची रेघ विशेष लक्षपूर्वक पाहावी. काळ्या पाषाणाचा किंवा मुरमाचा कठीण तळ ठळक दिसतो, व कित्येकदा त्याच्या खाली दुप्पट खोलीवर दुसरी रेघ उमटते. ती ध्वनी दोनदा जाऊन आल्याची खूण आहे. मऊ गाळाचा तळ फिकट व पसरट दिसतो. तळातून उभ्या उठलेल्या रेघा म्हणजे झाडे किंवा खुंट. एकदम खाली जाऊन पुन्हा वर येणारी रेघ म्हणजे नाल्याचे किंवा नदीचे जुने पात्र. अशी जागा दिसताच तिची नोंद करावी.

यंत्राची संवेदनक्षमता प्रथम हळूहळू वाढवावी. पडदाभर ठिपके दिसू लागले की थोडी कमी करावी. पावसाळ्यातील गढूळ पाणी व पुराबरोबर आलेला केरकचरा यांमुळे चित्र अस्पष्ट होते. म्हणून तळ मोजण्याचे काम पावसाळा संपून पाणी निवळल्यावर, जलाशय भरलेला असताना करावे.

तळाची वही

यंत्राचा खरा लाभ पडद्यावर नसून वहीत आहे. धरणातील पाणी रब्बीच्या पाळ्या व पिण्याचा पुरवठा यांमुळे उतरत जाते. म्हणून ‘अमुक जागी ९ मीटर पाणी’ ही नोंद दोन महिन्यांनी निरुपयोगी ठरते. परंतु पाणी बदलले तरी तळ सहसा बदलत नाही. यासाठी प्रत्येक फेरीच्या दिवशी धरणावरील पातळी विचारून वहीच्या माथ्यावर लिहावी व प्रत्येक जागेची तळपातळी काढावी.

समजा, फेरीच्या दिवशी जलाशयाची पातळी ३४०.० मीटर होती व एका जागी खोली ९.० मीटर भरली. तर तेथील तळपातळी ३३१.० मीटर झाली. तेथे ३ मीटर उंचीचा खुंट दिसला, म्हणजे खुंटाचे टोक ३३४.० मीटरवर आहे. त्या दिवशी खुंटावर ६ मीटर पाणी होते, व वरच्या थरातील जाळे त्यास लागणार नव्हते. पुढे एप्रिलमध्ये पातळी ३३५.५ मीटर झाली असता तेथे एकूण पाणी ४.५ मीटर, व खुंटावर केवळ दीड मीटर राहील. तेच जाळे त्याच जागी टाकल्यास ते निश्चित अडकेल. ही साधी वजाबाकी ज्याच्या वहीत आहे, त्यास एप्रिलमध्ये यंत्र हाती नसले तरी चालते.

जागा ओळखण्यासाठी जीपीएस नसल्यास जुनी रीत वापरावी. काठावरील दोन वस्तू एका रेषेत आणाव्यात, जसे देवळाचा कळस व त्यामागील टेकडीवरील झाड. नंतर दुसऱ्या दिशेने आणखी दोन वस्तू एका रेषेत येतात काय ते पाहावे, जसे सांडव्याचे टोक व धरणाच्या भिंतीवरील खोली. या दोन रेषा जेथे एकमेकींस छेदतात तीच जागा. दोन्ही जोड्या वहीत लिहिल्या की ती जागा केव्हाही सापडते.

तळ मोजताना होडी एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे सरळ न्यावी. थोडे अंतर सोडून तशीच परत आणावी. एकाने वल्हे धरावे, एकाने पडदा वाचावा व तिसऱ्याने लिहावे. एकट्याने हे काम करू नये.

या वहीचा शेतकऱ्यांनाही उपयोग आहे. तीच जागा काही वर्षांनी पुन्हा मोजली असता तळ वर आलेला दिसल्यास तेथे गाळ साचला हे कळते. सन २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे असा गाळ शेतात नेण्याची रीत आता गावोगाव माहीत झाली आहे. होडीवरील मोजणी अभियंत्यांच्या सर्वेक्षणाची जागा घेऊ शकत नाही, पण गाळ कोणत्या बाजूस अधिक आहे याचा अंदाज देऊ शकते.

जाळे किती खोल लावावे

तळ समजल्यावर माशांचा विचार करावा. कटला पाण्याच्या वरच्या थरात, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी अन्न घेतो. सायप्रिनसही तळाशीच चरतो. यंत्रावर कमानी कोणत्या खोलीवर अधिक दिसतात ते पाहून जाळ्याची वरची दोरी त्या मानाने खाली सोडावी. वरचा मीटरभर थर यंत्रास नीट दिसत नाही, व होडीच्या सावलीने कटला बाजूस होतो. म्हणून पडदा रिकामा असला तरी वरच्या थरात मासा नाही असे समजू नये. तसेच तळाला चिकटून असलेला मासा तळाच्या रेघेत मिसळून जातो.

उन्हाळ्यात काही खोल जलाशयांत वरचे पाणी तापते व खालचे थंड पाणी त्यात मिसळत नाही. अशा खालच्या पाण्यात प्राणवायू कमी पडतो व मासे त्यात थांबत नाहीत. तळाकडील बराच थर सतत रिकामा दिसत असेल, तर जाळे तेथे टाकून श्रम वाया घालवू नयेत.

उन्हाळ्यातील डोह

एप्रिल-मे महिन्यांत पाणी उतरून जुन्या नदीपात्राच्या डोहात गोळा होते. जलाशयभर पसरलेले मासे त्याच ठिकाणी येतात. यंत्राचा पडदा कमानींनी भरून जातो, व अशा वेळी मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु याच डोहात पुढील पावसाळ्यात अंडी देणारे मोठे मासे असतात, व मागील हंगामात सोडलेली बोटुकलीही तेथेच वाढत असते. डोह उपसल्याप्रमाणे मासे काढले, तर एका महिन्यात पैसा दिसेल, पण पुढील वर्षी बीज विकत आणून सोडावे लागेल, आणि ते वाढेपर्यंत जाळी रिकामी येतील.

जुन्या काळी डोह कोठे आहे हे दोन-चार अनुभवी माणसांनाच ठाऊक असे, व त्यामुळे काही मासे वाचत. यंत्र आल्यावर ते सर्वांनाच दिसते. म्हणून यंत्र विकत घेण्याच्या सभेतच संस्थेने ठराव करावा की, पाण्याची पातळी अमुक आकड्याखाली गेल्यावर अमुक डोहात जाळे टाकावयाचे नाही. कोणता डोह व कोणती पातळी हे तळाच्या वहीवरून ठरविता येते. ठेक्याच्या अटींत सांगितल्यापेक्षा लहान आसाचे जाळे तर कोणत्याही ऋतूत वापरू नये.

सुरक्षितता

दिनांक १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरूड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत होडी उलटून ११ जण बुडून मरण पावले. या भागातील लोकांना ही घटना विसरता येणारी नाही. यंत्र खोली दाखविते, पण होडी तरती ठेवीत नाही. यंत्र घेण्यापूर्वी प्रत्येक माणसामागे एक तरंगजाकीट घ्यावे, व ते होडीत नुसते ठेवू नये, अंगात घालावे. होडीच्या शक्तीपेक्षा अधिक माणसे बसवू नयेत. पडदा पाहणाऱ्याने उभे राहू नये. सर्वांचे डोळे पडद्यावर न राहता एकाचे तरी पाण्यावर व आभाळावर असावेत. वारा सुटताच काठ गाठावा. सांडवा, दरवाजे व विमोचक यांच्या जवळ मोजणीसाठी जाऊ नये.

जलाशयावर होडी घालण्यास पाटबंधारे व मत्स्यव्यवसाय या खात्यांची परवानगी असली पाहिजे. काटेपूर्णा जलाशयाभोवती अभयारण्य आहे. अशा ठिकाणी वनखात्याचे नियमही पाळावे लागतात.

निगा

काम संपल्यावर शोधक स्वच्छ पाण्याने धुवून ओल्या फडक्याने पुसावा. त्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर बसल्यास सौम्य साबण लावावा. पेट्रोल, रॉकेल किंवा रंग काढण्याचे द्रव्य वापरू नये. त्याने शोधकाचे तोंड खराब होते. शोधक पाण्याबाहेर असताना यंत्र चालू ठेवू नये. बॅटरी घरी आणताच भारित करावी, व पावसाळ्यात काम बंद असले तरी महिन्यातून एकदा भारित करावी. यंत्र कोणी नेले, केव्हा परत केले व त्या वेळी ते कसे होते, याची नोंद संस्थेने ठेवावी.

कार्यकर्त्यांचे काम

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंत्राची शिफारस करण्यापूर्वी संस्थेच्या सभासदांसमवेत एक दिवस नुसत्या दोरी व वजनाने वीस-पंचवीस जागा मोजून पाहाव्यात व वही सुरू करून द्यावी. ज्या संस्थेने ही वही तीन महिने टिकविली, तिला यंत्राचा उपयोग होईल. जी टिकवू शकली नाही, तिला सध्या यंत्राची गरज नाही. जाणत्या मच्छीमारांस तळाची जी माहिती आहे ती प्रथम वहीत उतरवून घ्यावी, व नंतर यंत्राने तिचा पडताळा पाहावा. कित्येक ठिकाणी त्यांचे सांगणे बरोबर असल्याचेच आढळून येईल, आणि मग तरुण सभासद यंत्रावर व वृद्ध सभासद वहीवर सारखाच विश्वास ठेवतील.

एक फाटलेले जाळे वाचले, एक होडी खुंटावर आदळण्यापासून टळली व एक डोह पुढील पावसाळ्यासाठी राखला गेला, एवढे झाले तरी यंत्रावर केलेला खर्च सत्कारणी लागला असे समजण्यास हरकत नाही.